४५ अंश, पत्र्याची गाडी आणि लाइट नाही : अमेरिकेच्या वाळवंटात गाडीत राहणारे उन्हाळा कसा काढतात?

यूट्यूबवर घर असलेल्या गाडीचे व्हिडिओ आता आपल्याकडेही गावोगाव बघितले जातात. बसएवढी गाडी, आत पलंग, गॅस, बेसिन, संडास, वर सोलर पॅनल. अमेरिकेत या गाडीला आरव्ही म्हणतात. निवृत्त झालेले नवरा-बायको घर विकून त्यात राहायला जातात, उघड्या माळरानावर गाडी लावतात. लाइटचं बिल नाही, नळाचं बिल नाही, शेजाऱ्याची कटकट नाही. बघायला छान वाटतं. पण जळगाव-भुसावळच्या माणसाच्या मनात पहिला प्रश्न येतो तो वेगळाच: मे-जूनमध्ये हे लोक या डब्यात राहतात कसे?

थोडक्यात उत्तर असं, की राहत नाहीत. ज्यांच्याकडे डिझेलला पैसे आहेत ते उन्हाळ्यापूर्वीच निघून जातात. ज्यांना निघता येत नाही त्यांचे हाल होतात, आणि त्यातली काही माणसं दरवर्षी जिवाला मुकतात.

आपल्याकडे आरव्ही नाही, मग हे वाचायचं कशाला? कारण त्या गाडीचं गणित आणि आपल्या ट्रकच्या केबिनचं, शेतातल्या पत्र्याच्या खोलीचं, बांधकामावरच्या मजुरांच्या शेडचं गणित एकच आहे. पातळ भिंत, तापलेलं छत, कमी वीज, मोजकं पाणी. रावेर-यावलहून केळी घेऊन दिल्लीकडे जाणारा ड्रायव्हर राजस्थानात दुपारी गाडी बाजूला लावून केबिनमध्ये आडवा होतो, तेव्हा तो याच अडचणीत असतो. फरक इतकाच, की अमेरिकेतल्या लोकांनी पैसा ओतून बरेच उपाय करून बघितले. कुठले चालले आणि कुठले फसले, हे आपल्याला फुकटात समजून घेता येतं.

हिवाळ्यात जत्रा, उन्हाळ्यात शुकशुकाट

अमेरिकेच्या नैऋत्येला ॲरिझोना राज्य आहे. तिथे क्वार्ट्झसाइट नावाचं एक गाव आहे, लोकसंख्या अडीच हजारांच्याही आत. पण हिवाळ्यात या गावाभोवतीच्या माळावर लाखो लोक गाड्या घेऊन येऊन जातात. उत्तरेकडे बर्फ पडतो, इथे ऊबदार ऊन असतं. जमीन केंद्र सरकारची. ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट हे खातं १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल या काळासाठी १८० डॉलरचा परवाना देतं. तो घेतला की सात महिने तिथे मुक्काम करता येतो. २०२१ मध्ये ऑस्कर मिळालेला ‘नोमॅडलँड’ हा चित्रपट कुणी पाहिला असेल तर त्यात हे गाव आहे.

परवान्याच्या तारखा बघा. १५ एप्रिलला मुदत संपते. त्यानंतर ऊन असं चढतं की माळ रिकामा होतो. जुलैत तिथे दुपारचं सरासरी कमाल तापमान ४१-४२ अंश असतं आणि कडक दिवस ४७-४८ पर्यंत जातात. तिथून उत्तरेला, शेजारच्या कॅलिफोर्निया राज्यात डेथ व्हॅली आहे. नावच ‘मृत्यूची दरी’. तिथल्या फर्नेस क्रीक इथे १० जुलै १९१३ रोजी ५६.७ अंशांची नोंद झाली, आणि जगातलं सर्वाधिक हवेचं तापमान म्हणून आजही तीच अधिकृत आहे. २०२४ चा जुलै तिथला आजवरचा सगळ्यात तापलेला महिना ठरला. दिवस-रात्र धरून महिन्याची सरासरी ४२.५ अंश. रात्र धरून, हे लक्षात घ्या. वाळवंटात रात्री थंडी पडते असं आपण शाळेत शिकलो, पण डेथ व्हॅलीत जुलैच्या रात्री पारा सहसा ३० च्या खालीही येत नाही. दिवसभर तापलेल्या शरीराला सावरायला गार रात्र लागते. ती मिळाली नाही की दुसऱ्या दिवशीचं ऊन जास्त बाधतं.

डबा तापतो कसा

भर दुपारी कडक उन्हात दर चौरस मीटरवर साधारण एक किलोवॅट उष्णता पडते. सात मीटर लांब आणि अडीच मीटर रुंद गाडीचं छत म्हणजे साडेसतरा चौरस मीटर. म्हणजे एकट्या छतावर सतरा किलोवॅट ऊन. एक टनाचा एसी आतली उष्णता बाहेर फेकतो ती साडेतीन किलोवॅट. छत पांढरं असेल तर बरंच ऊन परतून जातं, सगळं आत येत नाही. तरी भिंती पातळ, मधला थर जेमतेम दोन बोटं जाडीचा, आणि पुढची मोठी काच तर उन्हाला उघडं दारच. काचेतून ऊन आत येतं, सीट-डॅशबोर्ड तापवतं आणि ती ऊब बाहेर जाऊ शकत नाही. बंद मोटारीत पहिल्या १० मिनिटांतच तापमान साधारण १० अंशांनी वाढतं. काच थोडी खाली ठेवली तरी फार फरक पडत नाही. लहान मूल गाडीत ठेवून “दोनच मिनिटांत येतो” म्हणणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

म्हणून तिथले अनुभवी लोक सगळ्यात आधी सावलीचा विचार करतात, एसीचा नंतर. गाडी अशी लावतात की पुढच्या काचेवर दुपारचं ऊन पडणार नाही. काचेला बाहेरून चांदीसारखा चमकणारा पडदा लावतात. आतून लावला तर ऊन काचेच्या आत आलेलं असतं, निम्मा फायदा गेला. पश्चिमेच्या बाजूला ताडपत्रीचा छज्जा ओढतात. आणि सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे छताच्या वर, हातभर जागा सोडून शेडनेट. चिकटवून टाकलेलं नेट स्वतः तापतं आणि खालचा पत्राही तापवतं. मधून हवा खेळली तर ती उष्णता वाऱ्यावर निघून जाते.

आपल्या शेतकऱ्याला यात नवीन काही नाही. गोठ्याच्या पत्र्यावर तुराट्या, पऱ्हाटी किंवा केळीचा पाला टाकायची पद्धत जुनीच आहे. आपल्याकडे तर मे महिन्याच्या शेवटी दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो, म्हणजे सगळा मार छतावर. भिंतीला चुना लावण्याआधी छताकडे बघितलं पाहिजे. पांढरा रंग आणि वरून हातभर अंतराने शेडनेट, यात जेवढा पैसा जातो तेवढा कुलरच्या पहिल्या सीझनच्या बिलातही जाऊ शकतो.

“वर सोलर आहे ना, मग एसी लावा!”

व्हिडिओ बघून सगळ्यांचा हाच समज होतो. हिशोब करून बघू.

आरव्हीच्या छतावरचा नेहमीचा एसी असतो साधारण सव्वा टनाच्या आतला. चालू असताना तो १३०० ते १६०० वॅट खातो, सुरू होताना क्षणभर त्याहून बराच जास्त. ४५ अंशांत तो बंद पडायची वेळच येत नाही, सकाळी १० ते रात्री १० असा सलग चालतो. १५०० वॅट धरले तर १२ तासांचे १८ युनिट.

आता सोलर. बऱ्याच गाड्यांवर ४०० वॅटचे पॅनल असतात. ॲरिझोनाच्या उन्हात त्यातून दिवसाला फार तर अडीच युनिट निघायला हवेत. पण पॅनलला ऊन हवं असतं, उष्णता नको असते. पॅनल २५ अंशांवर तपासलेलं असतं, त्याच्या वर प्रत्येक अंशाला साधारण ०.३ ते ०.४ टक्के वीज कमी होते. माळावर पॅनलचा पृष्ठभाग ६५ अंशांवर गेला की १४-१५ टक्के गेले. वायर, इन्व्हर्टर, बॅटरी यांचा तोटा धरून हातात येतात जेमतेम दोन युनिट. गरज १८ ची.

मग पॅनल वाढवायचे? १८ युनिटसाठी साडेतीन हजार वॅटच्या वर पॅनल लागतील. आपल्याकडे ज्यांनी सौर कृषिपंप बसवला आहे त्यांना अंदाज येईल: ३ एचपीच्या पंपाला ३००० वॅटचे पॅनल लागतात. म्हणजे पंपाच्या अख्ख्या स्ट्रक्चरपेक्षा मोठा पसारा गाडीच्या डोक्यावर. छतावर एसी, हवेची झाकणं, पाइप आधीच आहेत, जागाच उरत नाही. आणि गाडी सावलीत लावली तर पॅनल झोपले, उन्हात लावली तर गाडी तापली. सोलरवर एसी चालवणारे लोक आहेत, पण त्यांच्याकडे मोठी बॅटरी बँक, छत भरून पॅनल आणि त्यावर घातलेले लाखो रुपये असतात. व्हिडिओत हा खर्च शेवटी घाईघाईने सांगतात किंवा सांगतच नाहीत.

बॅटरीचंही तसंच. १२ व्होल्ट, १०० एएचच्या लिथियम बॅटरीत सव्वा युनिट मावतं. त्यावर हा एसी चालेल ५० मिनिटं. घरी इन्व्हर्टरला असते तशी १५० एएचची शिसाची बॅटरी घेतली तर कागदावर १.८ युनिट, पण ती पूर्ण उतरवली तर लवकर मरते, म्हणून वापरायची निम्मीच. शिवाय बॅटरीलाही ऊन लागतं. लिथियम बॅटरी खूप तापली की तिच्यातलं सर्किट चार्जिंग थांबवतं, आणि शिसाच्या बॅटरीचं पाणी उडतं, आयुष्य घटतं. गाडीच्या बाहेरच्या पेटीत ठेवलेली बॅटरी ऐन गरजेच्या दुपारी नेमकी चार्जिंग घेत नाही.

राहिला जनरेटर. दोन-सव्वादोन हजार वॅटचा छोटा पेट्रोल जनरेटर एवढा भार ओढताना तासाला जवळपास एक लिटर पेट्रोल पितो. १२ तासांना १०-१२ लिटर. उष्ण हवा विरळ असते, त्यामुळे इंजिनाची ताकदही कमी पडते आणि एसी सुरू होताना ट्रिप होतो. आणि सर्वांत मोठा धोका धुराचा. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. खिडकीखाली जनरेटर लावून झोपलेली माणसं झोपेतच जातात. आपल्याकडे लग्नाच्या मांडवामागे किंवा बंद शटरच्या दुकानात जनरेटर लावतात तेव्हा हीच चूक होते. जनरेटर नेहमी मोकळ्या जागेत, खोलीपासून लांब आणि वाऱ्याच्या दिशेने खाली हवा. खिडकी उघडी ठेवली म्हणजे झालं, असं नाही.

कुलर: इथे आपण त्यांच्या पुढे आहोत

वाळवंटात कमी विजेत सगळ्यात जास्त गारवा देणारी वस्तू आपल्या ओळखीची आहे, पाण्याचा कुलर. एक लिटर पाणी वाफ होताना हवेतली सुमारे पाऊण युनिटच्या आतबाहेर उष्णता ओढून घेतं. कुलरचा पंखा आणि मोटर मिळून खातात दीडशे-दोनशे वॅट, आणि गाडीसाठी मिळणारे १२ व्होल्टचे छोटे कुलर त्याहूनही कमी. दोन पॅनल आणि एका बॅटरीवर ते आरामात चालतात.

पण कुलर किती गार करेल हे तापमानावर ठरत नाही, हवेतल्या ओलाव्यावर ठरतं. बाहेर ४५ अंश आणि आर्द्रता १० टक्के असेल तर चांगला कुलर २६-२७ अंशांची हवा देऊ शकतो. बाहेर ४० च अंश पण आर्द्रता ४० टक्के असेल तर तोच कुलर ३०-३१ वर अडतो आणि हवा चिकट लागते. जूनमध्ये वळवाचा पाऊस पडून गेला की आपल्याकडे कुलर ‘चालत नाही’ म्हणतात तो हाच प्रकार. ॲरिझोनालाही पावसाळा आहे, तिथेही त्याला मॉन्सूनच म्हणतात, १५ जून ते ३० सप्टेंबर. त्या दिवसांत ढग येतात, दमटपणा वाढतो, आणि मे महिन्यात कुलरवर खूश असलेला माणूस जुलैत अडचणीत येतो.

दुसरी गोष्ट म्हणजे खिडकी. कुलर लावून खोली बंद केली की ओलावा आतच साठतो. कुलरच्या समोरच्या बाजूची खिडकी उघडी हवी, म्हणजे एकीकडून गार हवा येते आणि दुसरीकडून ओली हवा निघते. हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत आहे, पण एसीची सवय असलेल्या तिकडच्या लोकांना नव्याने शिकावं लागतं.

आणि पाणी. छोटा कुलरसुद्धा कोरड्या हवेत तासाला चार-पाच लिटर पाणी उडवतो. १२ तासांत ५० लिटर. मधल्या आकाराच्या आरव्हीच्या टाकीत दीडशे लिटरच्या आसपास पाणी मावतं. फक्त कुलरलाच वापरलं तर तीन दिवसांत टाकी कोरडी. म्हणजे गारवा हवा तर पाण्याची खेप, आणि खेपेला डिझेल. टँकरची वाट बघणाऱ्या गावात कुलर घ्यायचा की नाही हा प्रश्न जसा असतो, तसाच हा.

पंखा कधी फसवतो

अंगाच्या कातडीचं तापमान असतं ३५ अंशांच्या आसपास. हवा त्याहून गार असेल तर पंखा अंगाची ऊब घेऊन जातो. हवा ४२-४५ ची असेल तर पंखा अंगावर ऊब आणून टाकतो. भट्टीसमोर बसल्यासारखं. जागतिक आरोग्य संघटना सांगते की तापमान ४० च्या वर गेलं की नुसत्या पंख्यावर विसंबू नका. अंग ओलं असेल तर गोष्ट वेगळी. ओला बनियन, मानेभोवती ओला पंचा, पायांवर ओलं फडकं आणि मग पंखा, म्हणजे तुमचं अंगच कुलर होतं. तिकडचे जाणकार हेच करतात, दर अर्ध्या तासाला कपडे ओले करतात. एक मग पाण्यातही बरंच काम होतं.

कोरड्या उन्हात अजून एक फसवणूक होते. घाम दिसत नाही. मुंबईत माणूस निथळतो, आपल्याकडे घाम येताच वाळतो, मिठाचे पांढरे डाग तेवढे शर्टावर राहतात. त्यामुळे “मला कुठे घाम येतोय” असं वाटतं आणि शरीर तासाला लिटरभर पाणी गमावत असतं. डेथ व्हॅलीच्या राष्ट्रीय उद्यानात येणाऱ्यांना माणशी दिवसाला किमान चार लिटर पाणी प्या असं सांगतात, आणि तेही बसून असाल तर. काम करणाऱ्याला जास्त. पण नुसतं साधं पाणी सारखं पीत राहिलं आणि मीठ गेलं नाही, तर रक्तातलं सोडियम उतरून चक्कर, उलटी, गोंधळ सुरू होतो, आणि लोकांना वाटतं अजून पाणी कमी पडतंय. ताक, लिंबू-मीठ-साखर, ओआरएस हे म्हणूनच. (ज्यांना बीपीचा किंवा किडनीचा आजार आहे त्यांनी मिठाचं प्रमाण डॉक्टरांना विचारून ठेवावं.)

बीअर आणि दारूबद्दल वेगळं काय सांगायचं. गारेगार लागते, पण लघवीवाटे पाणी घालवते आणि धोका ओळखायची शुद्धही घालवते.

फ्रिज, औषधं, टायर

बऱ्याच आरव्हींमधला फ्रिज गॅसवर चालतो. आत अमोनिया फिरतो, कॉम्प्रेसर नसतो, म्हणून वीज लागत नाही. ऐकायला भारी, पण बाहेर ४० च्या पुढे गेलं की हा फ्रिज धापा टाकतो. दूध नासतं, आणि मुख्य म्हणजे इन्सुलिन खराब होतं. म्हातारी माणसं जास्त, मधुमेही जास्त, म्हणून हा प्रश्न तिकडे गंभीर आहे. इन्सुलिनचा रंग बदलत नाही, पण गुण जातो, साखर का वाढतेय कळत नाही. आपल्याकडे लोडशेडिंगमध्ये उपाय साधा आहे: मोठ्या माठात ओली वाळू, त्यात कोरडं छोटं मडकं, त्यात पिशवीत बांधून इन्सुलिन, आणि माठ सावलीत वाऱ्याला. बर्फाला चिकटवून ठेवू नये, गोठलेलं इन्सुलिन फेकावंच लागतं. बीपीच्या काही गोळ्या आणि मानसिक आजारावरची काही औषधं घेणाऱ्यांना उन्हाचा त्रास लवकर होतो, त्यामुळे गोळ्या सुरू असलेल्या आई-वडिलांकडे जास्त लक्ष हवं.

गाडी चालवतानाही ऊन सोडत नाही. डांबर ६५-७० अंशांवर जातं. फिनिक्स शहरात उन्हाळ्यात रस्त्यावर पडून भाजलेले रुग्ण दवाखान्यात येतात, काही मिनिटं पडून राहिलं तरी कातडी जाते. जुन्या टायरला अशा रस्त्यावर जास्त वजन आणि कमी हवा मिळाली की तो फुटतो. गरम टायरची हवा जास्त दिसते म्हणून काढून टाकणं चूक, गार झाल्यावर ती कमी भरते. आणि डेथ व्हॅलीच्या चढावर चक्क पाट्या आहेत: इंजिन तापू नये म्हणून एसी बंद करा. ४८ अंशांत, घाटात, एसी बंद.

गाडी बंद पडली तर

१९९६ च्या जुलैत एक जर्मन कुटुंब, दोन मोठे आणि दोन मुलं, भाड्याच्या व्हॅनमधून डेथ व्हॅलीत फिरायला गेलं आणि परत आलं नाही. तीन महिन्यांनी व्हॅन सापडली, एका कोरड्या नाल्यात, टायर फाटलेले. माणसं नव्हती. मोठ्या दोघांचे अवशेष २००९ मध्ये, म्हणजे १३ वर्षांनी, व्हॅनपासून बरेच लांब सापडले. ते मदत शोधायला चालत निघाले असावेत. अशा भागात बचाव पथकं एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतात: गाडी सोडू नका. आकाशातून गाडी दिसते, माणूस दिसत नाही. गाडीची सावली तरी असते. दिवसा गाडीच्या आत न बसता तिच्या सावलीत बसा आणि चालायचंच असेल तर सूर्य मावळल्यावर.

मदतही उन्हापुढे हरते. २०२४ च्या जुलैत तिथे वाळूत पाय भाजलेल्या एका पर्यटकाला न्यायला हेलिकॉप्टर उतरू शकलं नाही. हवा एवढी तापली की विरळ होते, पंख्याला उचल मिळत नाही. त्याला आधी ॲम्ब्युलन्सने वर, जरा गार जागी न्यावं लागलं आणि मग उड्डाण झालं. मोबाइलला तर मैलोन्‌मैल रेंज नसते. म्हणून जाणकार निघण्यापूर्वी घरी सांगून ठेवतात: कुठल्या रस्त्याने जातोय, कधी फोन करणार, नाही आला तर कुणाला कळवायचं. आपल्या कुणाचे मुलगा-सून तिकडे नोकरीला असतील आणि मे-जूनमध्ये भेटायला गेल्यावर भाड्याची आरव्ही घेऊन वाळवंट बघायचा बेत असेल, तर एवढं विचारून घ्या. लाइटची जोडणी असलेली कॅम्पची जागा आधी बुक आहे का? नसेल तर बेत थंडीवर ढकला.

खरा उपाय: उंचावर जा

इतकं सगळं करूनही जुनेजाणते आरव्हीवाले उन्हाळ्यात खाली थांबत नाहीत. ते डोंगर चढतात. दर हजार मीटर उंचीला हवा साधारण साडेसहा अंशांनी गार होते, कोरड्या हवेत त्याहूनही जास्त. क्वार्ट्झसाइट समुद्रसपाटीपासून २७० मीटरवर आहे. त्याच ॲरिझोनात फ्लॅगस्टाफ आहे २१०० मीटरवर. जुलैत खाली ४१-४२, वर २८. कुठलाही एसी न लावता १३-१४ अंशांचा फरक, आणि खर्च एका टाकीभर डिझेलचा. सरकारी जंगलात एका जागी साधारण १४ दिवस फुकट राहता येतं, मग जागा बदलायची. सप्टेंबर सरला की पुन्हा खाली.

आपल्याकडे तोरणमाळला गेलेल्यांना हा फरक अंगावर आठवत असेल. आणि साक्री-शिंदखेड्याकडचे ठेलारी मेंढपाळ दुसरं काय करतात? पावसाळा संपला की बिऱ्हाड घोड्यावर टाकून निघायचं, चारा-पाणी आहे तिकडे जायचं, पाऊस आला की परतायचं. लाखो डॉलरची गाडी घेऊनही शेवटी माणूस मेंढपाळाच्याच पद्धतीवर आला, याची मला गंमत वाटते.

पण निघायला गाडी चालू पाहिजे. अमेरिकेत गाडीत राहणारे सगळे हौशी नाहीत. घरभाडं परवडत नाही म्हणून जुन्या आरव्हीत राहणारे बरेच आहेत, त्यातले कित्येक म्हातारे, एकटे, पेन्शनवर. गाडीचं इंजिन गेलेलं, दुरुस्तीला पैसे नाहीत, एसी बंद. फिनिक्स शहर ज्या मारिकोपा काउंटीत येतं तिथे २०२३ मध्ये सलग ३१ दिवस पारा ४३ अंशांच्या वर गेला. त्या वर्षी त्या एका काउंटीत उष्णतेशी संबंधित ६४५ मृत्यूंची नोंद झाली. त्यात बेघर लोकांचा मोठा वाटा होता. आणि घरात मेलेल्यांमध्ये पत्र्याच्या फिरत्या घरांत, आरव्हीत राहणाऱ्यांचं प्रमाण त्यांच्या संख्येच्या मानाने जास्त असतं, हे तिथल्या नोंदींत वारंवार दिसतं. श्रीमंत देशात, शहराच्या मधोमध. वाळवंटात हरवून मरणाऱ्यांपेक्षा एसी बिघडलेल्या डब्यात मरणारे कितीतरी जास्त.

तिथल्या महापालिका आता उन्हाळ्यात वाचनालयं, समाजमंदिरं गारव्यासाठी उघडी ठेवतात. दुपारी १२ ते ५ तिथे बसायचं, पाणी प्यायचं, रात्री डब्यात परतायचं. काही तास जरी शरीराला गारवा मिळाला तरी जीव वाचतो. आपल्याकडे पत्र्याच्या खोलीत एकटी राहणारी म्हातारी असेल तर गावातलं मंदिर, मराठी शाळेची व्हरांड्याची खोली, चिंचेची सावली हेच काम करू शकतं. दुपारी तिला उठवून तिथे न्यायला फक्त एक माणूस लागतो.

लक्षणं ओळखा

थकवा, पायात गोळे, डोकं दुखणं, मळमळ, चक्कर, भरपूर घाम: इथे सावली, ओलं फडकं, ओआरएस आणि आराम पुरतो. पण माणूस असंबद्ध बोलायला लागला, ओळखेनासा झाला, झोक जाऊ लागला, झटका आला किंवा अंग तव्यासारखं तापलं, तर तो उष्माघात. घाम थांबलेलाच असेल असं नाही, कष्ट करताना उष्माघात झालेल्याला घाम येतही असतो. ताबडतोब १०८ ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत वाट बघत बसू नका. कपडे सैल करा, अंगावर बादलीने पाणी ओता, जोरात वारा घाला, बर्फ असेल तर काखेत, मानेला, जांघेत फडक्यात गुंडाळून लावा. शेतात असाल तर मोटर चालू करून पाइपाखाली धरा, त्याहून चांगलं काही नाही. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका, श्वासनलिकेत जातं. क्रोसिनसारखी तापाची गोळी इथे उपयोगाची नाही. कांदा हुंगवण्यात वेळ घालवू नका. दवाखान्यात नेतानाही गाडीत अंग ओलं ठेवा आणि खिडक्या उघड्या ठेवा.